साहेब साइटवर गेलेत

अभिनंदन! तुम्ही महापालिकेच्या रस्त्याचं टेंडर भरायचं ठरवलंय, आणि तेही स्वतःच्या हिमतीवर. सिव्हिलचा डिप्लोमा, दोन टिप्पर आणि पतपेढीचं कर्ज एवढ्या भांडवलावर माणूस फार तर लग्न करतो. तरी ठरवलंच आहे, तर ऐका.

आधी जाहिरात शोधा. ती येतेच, नियमच आहे तसा. ज्या दैनिकाला छापणारा आणि महापालिका सोडून वाचक नाही, त्यात गणपतीच्या तोंडावर शोधा. 'अल्पमुदतीची निविदा' असं लिहिलेलं असेल. काम चार वर्षं रखडलेलं होतं, घाई आत्ताच झाली.

मग अटी. 'ठेकेदाराचा डांबर मिश्रणाचा प्लांट कामापासून अमुक किलोमीटरच्या आत हवा.' नकाशावर कंपास ठेवून वर्तुळ काढा, आत एकच प्लांट सापडेल. हा योगायोग नाही, वर्तुळ प्लांटपासूनच काढलेलं असतं. भाड्याचा प्लांट चालेल अशी सवलतही कधीकधी मिळते, फक्त मालकाचं संमतीपत्र जोडायचं. म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच सहीने.

आता सगळं ऑनलाइन झालंय, असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं असेल. खरंय. पूर्वी टेंडरचा फॉर्म घ्यायला गेलं की दारात चार पोरं उभी असायची. आता महाटेंडर्स पोर्टल आहे, डिजिटल सही आहे, पाकिटंही संगणकावर उघडतात. कोण भरतंय हे कुणाला कळायची सोय नाही. एक कागद तेवढा जुना राहिलाय : स्थळपाहणीचा दाखला. तुम्ही जागा पाहिली, असं उपअभियंत्याने लिहून द्यायचं. रस्ता तुमच्या घरासमोरचा असेल, त्यातल्या खड्ड्यात तुमच्या वडिलांचा पाय मोडला असेल, पण दाखला नाही तोवर तुम्ही तो पाहिलेला नाही.

ऑफिसात जा. 'साहेब साइटवर गेलेत.' दुसऱ्या दिवशी जा, साहेब साइटवर. तिसऱ्या दिवशी मीटिंगला. नाव आणि फोन नंबर मात्र लिहून घेतात, आणि संध्याकाळी अनोळखी नंबरवरून फोन येतो, 'दादा, तुम्ही पण भरताय म्हणे?' आवाज फार प्रेमळ असतो.

दाखला न जोडता टेंडर भरलंत तर पाकीट क्रमांक १ मध्येच, म्हणजे तांत्रिक छाननीत, अपात्र. दराचं पाकीट क्रमांक २ उघडायचंच नाही. त्यात तुम्ही तीस टक्के कमी दर लिहिलेला असो. सर्वात कमी दर जिंकतो हे शंभर टक्के खरं आहे, उघडलेल्या पाकिटांपैकी.

म्हणून फोनवरच्या दादांशी गोड बोला. 'या वेळी सपोर्ट द्या, पुढचं काम तुमचं,' असं ते म्हणतील. तुम्ही थोडा जास्त दर भरायचा, त्यांचा मेहुणा आणखी थोडा, की तीन निविदा होतात आणि स्पर्धा पार पडते. फक्त तिघांचे डिजिटल सहीचे डोंगल एकाच ड्रॉवरमध्ये ठेवू नका, आणि बयाणा एकाच खात्यातून भरू नका. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ मध्ये पुणे महापालिकेच्या घनकचऱ्याच्या निविदांत संगनमत पकडून दंड लावला होता. स्पर्धा कायद्यात संगनमताची आधी कबुली देणाऱ्याला दंडात सवलत आहे. म्हणजे तिथेही स्पर्धाच, पण निदान खरी.

पुढे स्थायी समिती, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारे नगरसेवक. मुंबई सोडली तर सोळा जणांची असते. तिथे विषय तहकूब का होतो आणि आठवड्याने एकमताने मंजूर का होतो, हे विचारून लहान होऊ नका. मार्च २०२२ नंतर अनेक महापालिकांच्या निवडणुका रखडल्या, तेव्हा ही दगदगही नव्हती. प्रशासकच प्रस्ताव पाठवायचे आणि स्थायी समिती म्हणून तेच मंजूर करायचे. इतकं एकमत घरातसुद्धा होत नाही.

दर परवडेल का, याची चिंता नको. महापालिकेच्या अंदाजापेक्षा बावीस टक्के कमी भरणारे काही वेडे नसतात. पुढे वाढीव काम आहे, मुदतवाढ आहे, आणि डांबराचा थर किती जाड हे उकरून कोण बघतो?

एवढं सांगूनही तुम्हाला तो दाखला हवाच असेल, तर शेवटचा उपाय. ऑफिसात खेटे घालू नका, साहेबांना साइटवरच गाठा. ते खरंच तिथे असतात. खडी पसरून झालेली असेल, रोलर फिरत असेल, दादा छत्री धरून उभे असतील. तुम्हाला बघून साहेब आपुलकीने म्हणतील, 'अहो, टेंडर भरायला अजून चार दिवस आहेत की.'