वीस वर्षांचा हात आणि न पाहिलेली दुसरी बाजू

गेल्या काही महिन्यांपासून जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या परिचारिकांमध्ये एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. तो कोणी लिहिला हे त्यात सांगितलेले नाही. माझ्याकडे तो सहा जणींकडून आला आणि त्यांपैकी चौघी माझ्याच विद्यार्थिनी होत्या. मी त्यांना संशोधन पद्धती हा विषय शिकवते आणि त्याआधी अकरा वर्षे वॉर्डात काम केले आहे, त्यामुळे या मजकुराला मुद्देसूद उत्तर देणे मला भाग आहे. त्यातील म्हणणे थोडक्यात असे: ज्या सिस्टरने वीस वर्षे वॉर्ड सांभाळला तिचा अनुभव हाच पुरावा, तिला अभ्यासाची गरज नाही. अभ्यास करायचाच झाला तर शिकवण्याआधी आणि शिकवल्यानंतर चाचणी घ्यावी, गुण वाढले की उपक्रम यशस्वी झाला असे समजावे. नमुना, म्हणजे अभ्यासात घेतलेल्या माणसांची संख्या, मोठी असली की बाकी काही पाहण्याचे कारण नाही. रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडणे म्हणजे गरिबांवर प्रयोग करणे. आणि शेवटचे म्हणजे, बाहेरचे निष्कर्ष खानदेशात चालत नाहीत आणि तसले अभ्यास इथे होऊही शकत नाहीत.

अनुभवाच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो सर्वांत पटकन पटतो आणि मलाही तो अनेक वर्षे पटत होता. अनुभवी सिस्टरच्या हाताला न दिसणारी शीर सापडते, आणि रुग्ण बिघडत चालला आहे हे तिला यंत्राच्या आधी कळते. याबद्दल माझ्या मनात शंका नाही. प्रश्न वेगळा आहे. एकच काम करण्याच्या दोन रीती असतील, तर त्यांपैकी रुग्णाच्या हिताची कोणती, हे केवळ अनुभवावरून ठरवता येते का?

मे महिन्यातील एक दुपार मला अजून आठवते. पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात पारोळ्याकडचे सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी दाखल होते. त्यांच्या हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या होत्या. डाव्या हातातील कॅन्युला, म्हणजे सलाइन-औषधासाठी शिरेत बसवलेली बारीक नळी, उत्तम चालत होती, जागा मऊ होती, लाली नव्हती, दुखत नव्हते. पण चिकटपट्टीवर लिहिलेल्या तारखेप्रमाणे ७२ तास भरले होते आणि आमच्या वॉर्डाचा नियम तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदलण्याचा होता, म्हणून मी ती काढली. नवी बसवताना तीनदा टोचावे लागले. तिसऱ्या वेळी त्यांनी हात मागे न घेता फक्त एवढेच म्हटले, "आते बस कर व माय."

हा नियम आम्हाला ज्येष्ठ सिस्टरांनी दिला होता आणि त्यांनी तो पुस्तकातून आणि अनुभवातून घेतला होता: जास्त दिवस ठेवलेली कॅन्युला सुजते. त्यांनी सुजलेले हात खरोखरच पाहिले होते. पण तिसऱ्या दिवशी काढून टाकलेली प्रत्येक कॅन्युला तशीच ठेवली असती तर ती सुजली असती की नाही, हे त्यांच्यापैकी कोणीही पाहिलेले नव्हते आणि पाहणे शक्यही नव्हते, कारण ती तर काढली गेली होती. सुजलेला हात लक्षात राहतो, न सुजलेल्याची आठवण कोणी ठेवत नाही. अनुभवाला एकच बाजू दिसते. दुसरी बाजू दिसावी यासाठीच अभ्यासाची आखणी करावी लागते.

ती आखणी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड राज्यात क्लेअर रिकार्ड या परिचारिका संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी केली. तीन रुग्णालयांतील ३२८३ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, दोन गटांत वाटणी झाली. एका गटात तिसऱ्या दिवशी नियमाने कॅन्युला बदलली गेली, तर दुसऱ्या गटात सूज, दुखणे, गळती असे काही कारण दिसले तरच बदलली गेली. २०१२ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला निष्कर्ष असा होता की शिरेला सूज येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, सुमारे ७ टक्के होते. याचा अर्थ कॅन्युला घालून विसरून जावे असा कोणी घेऊ नये. त्या पद्धतीत प्रत्येक पाळीत जागा पाहणे आणि गरज संपताच कॅन्युला काढणे गृहीतच आहे. पण पारोळ्याच्या त्या आजोबांना मी दिलेल्या तीन टोचण्यांमागे जे कारण मी मानत होते, ते इतके पक्के नव्हते. संशोधन हे परिचारिकेचे काम नाही असे मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यावे की हा प्रश्न वॉर्डातला होता आणि तो विचारणारी स्वतः परिचारिका होती.

आता दुसरा मुद्दा, ज्यावर मला सर्वांत जास्त लिहायचे आहे, कारण आपल्याकडील नर्सिंगचे कितीतरी प्रबंध याच साच्यात बसवलेले असतात. साठ माता निवडायच्या, प्रश्नावली द्यायची, तक्त्यांसह अर्धा तास शिकवायचे, सात दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढतात, संख्याशास्त्रातील पी मूल्य ०.०५ च्या खाली येते, आणि ‘नियोजित अध्यापन कार्यक्रम परिणामकारक ठरला’ असे वाक्य शेवटच्या प्रकरणात लिहिले जाते. ज्या अभ्यासात दुसरे काही घडण्याची शक्यता जवळजवळ नाही, तो अभ्यास आपल्याला नवीन काय सांगतो, हा प्रश्न मी प्रबंधाच्या प्रत्येक आराखड्याच्या (सायनॉप्सिसच्या) वेळी विचारते.

अशा एकगटी अभ्यासात गुण वाढण्याची अनेक कारणे असू शकतात आणि शिकवणे हे त्यांपैकी फक्त एक आहे. तेच प्रश्न दुसऱ्यांदा आले की उत्तरे अधिक बरोबर येतात. पहिल्या दिवशी प्रश्न ऐकून घरी गेलेली आई शेजारणीला विचारते. समोर बसलेल्या सिस्टरला बरे वाटावे म्हणूनही माणसे तिला हवे ते उत्तर देतात. आणि अगदी कमी गुण मिळालेल्या किंवा अगदी कमी हिमोग्लोबिन असलेल्या बायकाच निवडल्या असतील, तर दुसऱ्या मोजणीत त्यांचा आकडा काहीही न करता थोडा सरासरीकडे सरकतो, कारण पहिल्या मोजणीतील टोकाच्या आकड्यात योगायोगाचाही वाटा असतो. रक्तदाबाच्या शिबिरातही हेच घडते.

याशिवाय काळ स्वतः बदल घडवतो आणि हे खानदेशातील माणसाला वेगळे समजावून सांगावे लागू नये. भुसावळ आणि जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. समजा, एखाद्या उपकेंद्राने मे महिन्यात उष्माघाताविषयी घरोघरी माहिती दिली आणि जुलैमध्ये मोजले, तर रुग्ण कमी झालेलेच आढळतील. मध्ये पाऊस पडलेला असतो. जिथे ती मोहीम झालीच नाही अशा शेजारच्या उपकेंद्रातील त्याच दोन महिन्यांचे आकडे शेजारी मांडल्याखेरीज मोहिमेचे श्रेय किती आणि पावसाचे किती, हे सांगण्याचा कोणताही मार्ग नाही. सगळे नियंत्रण गट, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेले गट, एवढ्याच साध्या गोष्टीसाठी असतात.

आणखी एक गोष्ट गुणांच्या मागे लपून राहते. मागे एका विद्यार्थिनीबरोबर मी धडगाव तालुक्यातील एका पाड्यावर गेले होते. ज्या आईने ओआरएसवरील सर्व प्रश्नांची बरोबर उत्तरे दिली होती, तिला आम्ही पाकीट देऊन पाणी तयार करून दाखवायला सांगितले. तिने एक लिटरसाठी असलेले अख्खे पाकीट स्टीलच्या एका पेल्यात रिकामे केले आणि चमच्याने ढवळले. घरात लिटरचे माप नव्हते आणि तिला ते कोणी दाखवलेही नव्हते. इतके खारट, दाट पाणी जुलाब झालेल्या मुलाला अपायकारक ठरू शकते. प्रश्नावलीत तिला पूर्ण गुण होते. त्या दिवसापासून माझ्या विद्यार्थिनींना मी एकच आग्रह धरते, की शक्य तिथे उत्तर मोजू नका, कृती मोजा, आणि मोजणारी व्यक्ती शिकवणारीहून वेगळी ठेवा.

पी मूल्याबद्दल थोडक्यात सांगते. ते दाव्याच्या खरेपणाचे माप नाही. खरोखर काहीच फरक नसता, तर इतका किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता किती, एवढेच ते सांगते. आखणीच चुकलेली असेल तर ०.००१ देखील ती चूक दुरुस्त करत नाही.

मोठ्या नमुन्याचा मुद्दा अर्धवट खरा आहे, म्हणूनच तो अधिक फसवतो. अमेरिकेत १९७६ साली सुरू झालेल्या एका प्रसिद्ध अभ्यासात १,२१,७०० परिचारिकांनी स्वतःच्या आरोग्याची माहिती वर्षानुवर्षे कळवली. त्यात पाळी गेल्यानंतर संप्रेरके (हार्मोन) घेणाऱ्या स्त्रियांना हृदयविकार कमी होतो असे दिसले आणि ती औषधे हृदयासाठी हितकर मानली जाऊ लागली. पुढे १६,६०८ स्त्रियांची यादृच्छिक वाटणी करून चाचणी झाली. २००२ मध्ये ती मुदतीआधी थांबवावी लागली, कारण दोन संप्रेरकांचे मिश्रण घेणाऱ्या गटात हृदयविकार कमी होण्याऐवजी वाढला आणि पक्षाघात व स्तनांचा कर्करोगही वाढला. पहिल्या अभ्यासातील परिचारिका खोटे बोलल्या नव्हत्या. पण संप्रेरके घेण्याचा निर्णय ज्यांनी स्वतः घेतला त्या मुळातच अधिक सुस्थितीतल्या आणि प्रकृतीची काळजी घेणाऱ्या होत्या, हे एक मोठे कारण मानले जाते. असा कल लाखाच्या नमुन्यातही तसाच राहतो, उलट मोठ्या संख्येमुळे तो अधिक खात्रीचा वाटू लागतो.

संख्या कुठे लागते तेही सांगायला हवे. कॅन्युलेमुळे रक्तात जंतुसंसर्ग होणे ही इतकी विरळ घटना आहे की ३२८३ रुग्णांत तिचा निवाडा होऊ शकत नाही. २०२१ साली जिनिव्हातील रुग्णालयांनी चार लाखांहून अधिक कॅन्युलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा गरजेनुसार बदलण्याचे धोरण आल्यानंतर हा संसर्ग वाढलेला दिसला. तो आधी आणि नंतरच्या तुलनेचा अभ्यास असल्याने त्याला वर सांगितलेल्या सर्व मर्यादा लागू होतात, पण तो दुर्लक्षिण्यासारखाही नाही. मी स्वतः यातून असे समजते की ज्या वॉर्डात प्रत्येक पाळीत जागा पाहिली जाते, तिथेच ७२ तासांचा नियम सोडावा.

चिठ्ठ्या टाकणे म्हणजे गरिबांवर प्रयोग, या आरोपामागील कळकळ मला समजते. मात्र दोन पद्धतींपैकी कोणती चांगली हे प्रामाणिकपणे माहीत नसेल, तेव्हाच अशी वाटणी करता येते. चांगली पद्धत माहीत असताना ती कोणाला नाकारणे हा गुन्हाच आहे आणि संशोधनाची नैतिकता तपासणारी आचारसमिती तशी परवानगी देत नाही. नियंत्रण गट म्हणजे वाऱ्यावर सोडलेले रुग्णही नव्हेत, त्यांना त्या वेळची रूढ शुश्रूषा मिळते. कांगारू मातृसेवेच्या, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी उघड्या त्वचेला लावून ठेवण्याच्या, अभ्यासात एक ते १.८ किलो वजनाची ३२११ बाळे होती आणि पाच देशांतील रुग्णालयांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. जन्मल्यावर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांत २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के, तर आधी वॉर्मरखाली (ऊब देणाऱ्या यंत्राखाली) ठेवून प्रकृती स्थिरावल्यावर आईकडे दिलेल्या बाळांत १५.७ टक्के आढळले. हा फरक दिसताच देखरेख समितीच्या सल्ल्याने भरती थांबवण्यात आली. वाटणी केली नसती तर नाजूक बाळ आधी वॉर्मरखालीच हवे, ही समजूत आजही तशीच राहिली असती.

आरोपात एक बाब मात्र खरी आहे. संमतीपत्र पुस्तकी मराठीत असते आणि पावरी किंवा भिली बोलणाऱ्या बाईचा त्यावर अंगठा घेतला जातो. तिला तिच्या भाषेत समजावले नाही आणि त्याला संशोधनाबाहेरचा साक्षीदार नसेल, तर त्या अंगठ्याला संमती म्हणता येणार नाही. हे सुधारणे आपल्याच हातात आहे.

राहिला खानदेशाचा प्रश्न. बाहेरचा निष्कर्ष डोळे झाकून घेऊ नये, हे मला मान्य आहे. नवजात बाळाच्या नाळेवर क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक लावल्याने नेपाळमधील सर्लाही जिल्ह्यात मृत्यू कमी झाले आणि ते निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. झांबिया आणि टांझानियात २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत मात्र तसा फायदा दिसला नाही. म्हणून अक्कलकुव्यात काय करायचे ते ठरवताना तिथे बाळंतपणे कुठे होतात आणि नाळेवर घरात काय लावले जाते, हे आधी पाहावे लागेल. निष्कर्ष फेकून देणे आणि त्याच्या अटी तपासणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

इथे अभ्यास होऊ शकत नाहीत हे म्हणणे तर गडचिरोलीनेच खोडून काढले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले आणि तुलनेसाठी ४७ गावे ठेवली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी घटला. गावांची वाटणी चिठ्ठीने झाली नव्हती, हे त्याचे उणेपण सांगितलेच पाहिजे. पण दोन्हीकडचे जन्म आणि मृत्यू मोजले गेले होते, म्हणूनच आज त्याचा आधार घेता येतो.

आमच्या वॉर्डांसाठी माझ्यापुढे सध्या एक प्रश्न आहे. एप्रिल ते जूनमध्ये घामाने कॅन्युलेची चिकटपट्टी सुटते आणि कॅन्युला हलू लागते. पट्टी रोज बदलावी की सुटल्यावरच? दोन गट पुरेसे आहेत. वाटणीचा क्रम वॉर्डाबाहेरच्या व्यक्तीने तयार करावा आणि तो अपारदर्शक, बंद पाकिटांत ठेवावा, कारण पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे सिस्टरला आधी कळले तर नकळत ती अशक्त रुग्णाला सोप्या बाजूला टाकते. सूज पाहणारी सिस्टर पट्टी बदलणारीहून वेगळी असावी. किती रुग्ण लागतील हे सुरुवातीलाच संख्याशास्त्राच्या जाणकाराला विचारावे आणि पहिला रुग्ण घेण्यापूर्वी भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत अभ्यास नोंदवावा. आचारसमितीचा अर्ज मी लिहायला घेतला आहे. ज्या चौघी विद्यार्थिनींनी तो मजकूर मला पाठवला, त्यांपैकी दोघी या उन्हाळ्यात माझ्याबरोबर असणार आहेत.