निपाणीच्या दादांनी दिलेल्या एका स्टारला आमचं उत्तर

नमस्कार दादा,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री दुकानाचं शटर ओढताना वाचला. तेव्हाच उत्तर लिहिलं नाही, कारण तुमच्या जोडीचे आमच्याकडचे फोटो आणि ती ज्यांच्याकडून घेतली त्यांच्याशी झालेले मेसेज आधी नीट बघायचे होते. ते बघून झाले, म्हणून आज लिहितोय.

इतर वाचणाऱ्यांसाठी दादांची तक्रार थोडक्यात सांगतो. आम्ही लिमिटेड एडिशनचे, म्हणजे मोजकेच निघालेले बूट इतरांकडून घेऊन पुन्हा विकतो. गणपतीच्या आधी त्यांनी आमच्या ऑनलाइन लिस्टिंगवरून लिमिटेड एडिशनची एक रनिंग जोडी १४,५०० रुपयांना घेतली. पहिल्याच दिवशी चिकोडी रोडला पळायला गेले आणि दोन किलोमीटरच्या आत डाव्या बुटाची टाच सुटली. जवळच्या मोच्यानं बूट दाबून बघितला आणि डुप्लिकेट आहे म्हणून सांगितलं. आम्ही लिस्टिंगखाली ‘परत घेतलं जाणार नाही’ लिहिलेलं दाखवून हात वर केले. मूळ किमतीच्या दुप्पट पैसे घेऊन नकली माल खपवतात, असं दादांचं म्हणणं आहे.

पैशांचं आधी सांगतो. तुमचे १४,५०० रुपये आज सकाळी तुमच्या खात्यावर परत पाठवलेत. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही. ‘परत नाही’ हे उत्तर दुकानातून गेलं ते माझ्या सांगण्यावरूनच गेलं होतं. तो नियम साइज न बसल्यास किंवा मन बदलल्यास, एवढ्यासाठी होता. दोन किलोमीटरमध्ये बूट सुटल्यावर तो नियम तुम्हाला दाखवायला नको होता.

आता ‘नकली’ या शब्दाविषयी. हा शब्द मी मान्य करत नाही, आणि का करत नाही ते सविस्तर सांगतो, कारण आमचा सगळा धंदा या एका शब्दावर उभा आहे.

तुमची जोडी नकली नव्हती. ती जुनी होती. बुटाच्या जिभेच्या (लेसखालच्या पट्टीच्या) आतल्या टॅगवर बनवल्याचं साल २००९ आहे. टॅगवरचा स्टाईल कोड, म्हणजे मॉडेलचा नंबर, आणि खोक्याच्या लेबलावरचा कोड एकच आहे. इनसोल (बुटाच्या आतली गादी) उचलून खालची शिलाई आम्ही बघितली होती, डाव्या-उजव्या बुटाच्या टॅगवरचे आकडे ताडून बघितले होते, आणि या सगळ्याचे फोटो माझ्याकडे आहेत. पण सोल चुरला म्हणून बूट ओरिजनल, असंही मी म्हणत नाही. चुरण्यावरून खरं-खोटं काहीच ठरत नाही. त्यावरून फक्त फोम कोणता आणि वय किती याचा अंदाज येतो.

पाय आणि खालचं रबर यांच्या मधला जो जाड फोम, त्याला मिडसोल म्हणतात. तुमच्या जोडीत तो पॉलियुरेथेनचा आहे. हवेतला ओलावा या फोमच्या आत शिरून त्याला धरून ठेवणारे रासायनिक बंध हळूहळू तोडत जातो. याला हायड्रोलिसिस म्हणतात. उष्णता आणि दमटपणा दोन्ही मिळाले की वेग वाढतो. दहा-पंधरा वर्षांत फोम आतून खलास झालेला असतो आणि वरून मात्र बूट जसाच्या तसा दिसतो. पाय पडला, वजन आलं, की भिजलेल्या टोस्टासारखा तुटतो. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या हलक्या फोमचं असं होत नाही. तो कडक होतो, दबतो, पण चुरत नाही. १९८७ सालच्या नाइकीच्या पहिल्या एअर मॅक्सची मूळ जोडी कुणी न घालता जपून ठेवली असेल, तर तिचीही हीच गत. म्हणूनच जगभरचे संग्राहक जुन्या बुटाचा वरचा भाग ठेवून त्याला नव्या रिट्रो जोडीचा (जुनंच डिझाइन नव्यानं बनवलेल्या जोडीचा) सोल बसवून घेतात.

त्यात आपल्याकडची हवा. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत, कपाटातल्या पट्ट्याला आणि पाकिटाला बुरशी धरते, हे तुम्हाला मी सांगायला नको. ती जोडी आमच्याकडे जुलै-ऑगस्ट असे दोन महिने होती. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या होत्या, पण त्यांनी झीज मंदावते, थांबत नाही.

माझे वडील अथणीच्या कारागिरांनी बनवलेली कोल्हापुरी चप्पल वापरायचे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाला मिळणारं भौगोलिक मानांकन, मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हेही त्यात आले, ते आपल्याकडच्या अशाच कारागिरांमुळे. पावसाळा संपला की वडील ती चप्पल तेल लावून दोन दिवस सावलीत ठेवायचे आणि कातडं पुन्हा मऊ पडायचं. लहानपणापासून हे बघितल्यामुळे ‘नीट ठेवलं की पायताण टिकतं’ हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. फोमला ते लागू नाही. फोम एकदा मेला की त्याला तेल नाही आणि सावली नाही. तुमच्या मोचीदादांचा मला राग नाही. त्यांनी आयुष्यभर कातडं आणि रबर हाताळलं, हातात चुरा आला की नकली वाटणारच.

आता माझी चूक सांगतो, आणि ती छोटी नाही.

लिस्टिंगच्या पहिल्या ओळीत मी लिहिलं होतं, ‘कोरी करकरीत, एकदाही न घातलेली’. दुसरा भाग खरा होता, पहिला नव्हता. न घातलेली जोडी म्हणजे नवी जोडी नव्हे. या धंद्यात आम्ही ‘डेडस्टॉक’ म्हणतो, म्हणजे न विकलेला, न वापरलेला जुना माल. आम्हाला त्या एका शब्दात सगळं कळतं, पण तुम्हाला ते कळायला हवं असं गृहीत धरायचा मला अधिकार नव्हता. बनवल्याचं साल मी कुठंच लिहिलं नव्हतं. ते होतं चौथ्या फोटोत, टॅगवर, तेही फोटो मोठा केला तरच वाचता येईल असं. त्याला माहिती दिली असं म्हणता येत नाही.

आणि दुसरं. तुम्ही घेण्याआधी फोन केला होता. तुम्ही विचारलं, ‘नऊ नंबर लागतोय मला, बसेल का?’ मी म्हटलं, बसेल. पळायला घेताय की ठेवायला, एवढं एक वाक्य मी विचारलं असतं तर तुम्ही पळायला म्हटलं असतं आणि मी ती जोडी तुम्हाला दिलीच नसती. चालू साठ्यातली दुसरी दाखवली असती, कमी पैशांत. फोन ठेवताना माझ्या डोक्यात फक्त कुरियरची वेळ होती. पंधरा वर्षांहून जुन्या फोमवर तुम्ही भर रस्त्यावर धावत होता, टाच सुटली तेव्हा पाय मुरगळला असता तर काय, हा विचार परवापासून मनातून जात नाहीये.

किमतीबद्दल. ती जोडी मला ११,८०० रुपयांना पडली, कुरियर धरून. राहिलेल्या पैशांत तपासणी, साफसफाई, दुकान आणि माझी कमाई. मूळ किमतीपेक्षा जास्त घेतो हे खरं आहे, आणि ते मी लपवत नाही. माल मोजकाच निघतो आणि मागणारे जास्त असतात, म्हणून भाव चढतो. आदिदासच्या आदिझिरो आदिओस प्रो इव्हो १ चं बघा. १३८ ग्रॅमचा बूट, किंमत ५०० डॉलर, आणि २०२३ मध्ये पहिल्या खेपेला फक्त ५२१ जोड्या. त्याच वर्षी सप्टेंबरात तो घालून इथिओपियाची धावपटू टिग्स्ट असेफा बर्लिनमध्ये २ तास ११ मिनिटं ५३ सेकंदांत मॅरेथॉन धावली, महिलांचा तेव्हाचा जागतिक विक्रम. असा बूट हवा असणारे किती आणि जोड्या किती, हिशेब तुम्हीच करा. तो भाव देणं परवडत नसेल तर घेऊ नका, असं मी दुकानात येणाऱ्या कॉलेजच्या मुलांना तोंडावर सांगतो. उसने पैसे काढून कुणी जोडी मागितली तर मी देत नाही.

कालपासून आमच्या प्रत्येक लिस्टिंगमध्ये पहिल्याच ओळीत बनवल्याचं साल आणि मिडसोलचा फोम लिहिलाय. दहा वर्षांपेक्षा जुना पॉलियुरेथेन असेल तर ‘फक्त संग्रहासाठी, घालू नये’ असं मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरांत आहे. अशा सात जोड्या साठ्यात निघाल्या. त्यातल्या दोघींचा फोम अंगठ्यानं दाबल्यावरच खचला, त्या विक्रीतून काढल्या. तुमच्याआधी अशा जुन्या जोड्या घेतलेल्या चौघांना मी स्वतः फोन केलाय. तिघांनी शोकेसमध्ये ठेवल्यात. चौथे लग्नात घालणार होते, त्यांना थांबवलं.

बुधवारी माझा भाऊ संकेश्वरला येतोय, तिथून निपाणीला तुमच्या घरी येईल. जोडी खोक्यासकट त्याच्याकडे द्या. रस्त्यावर पडलेले तुकडे उचलून ठेवले असतील तर तेही एका पिशवीत घालून द्या, टाकू नका. जुनी जोडी मागायला येणाऱ्याला दुकानात ते हातात द्यायचे आहेत. वरचा भाग चांगला आहे, त्याला नवा सोल बसवून बघणार आहे. बसला, आणि तुम्हाला ती जोडी घरात ठेवायला हवी असेल, तर ती तुमचीच. त्याचे पैसे घेणार नाही.