एका गोळीचे दोन अहवाल

दर वर्षी फेब्रुवारीत आमच्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोल्हापूरचे कम्युनिस्ट नेते कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्या खुनाचा विषय निघतो आणि चार-पाच मेसेजांतच दोन तट पडतात. एक म्हणतो, अंधश्रद्धा निर्मूलनाचे डॉ. दाभोलकर, पानसरे, कन्नड विचारवंत कलबुर्गी आणि पत्रकार गौरी लंकेश यांचे चारही खून एकाच कटातले आहेत हे कधीच सिद्ध झाले, आता फक्त शिक्षा व्हायची बाकी आहे. दुसरा म्हणतो, हा धागा पुरोगाम्यांनी आणि पोलिसांनी मिळून कातलेला आहे. मी वीस वर्षांहून अधिक काळ लंडनच्या आग्नेय भागात राहतो आणि या दोघांपैकी कोणाच्याही खात्रीत मला सामील होता येत नाही.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी कोल्हापूरच्या सागरमाळ परिसरात सकाळी फिरून परतणाऱ्या पानसरे पती-पत्नींवर गोळ्या झाडल्या गेल्या. उमाताई वाचल्या, ८१ वर्षांचे पानसरे, म्हणजे आमचे अण्णा, २० तारखेला मुंबईत गेले. त्या दिवशी बहिणीचा फोन आला, तेव्हा ती दबक्या आवाजात टोलबद्दल बोलत होती, कारण कोल्हापूरच्या टोलविरोधी आंदोलनात अण्णा पुढे होते आणि गावाला पहिली शंका तीच आली. सहा महिन्यांनी धारवाडला प्रा. कलबुर्गी यांना त्यांच्याच दारात गोळी घातली गेली आणि टोलचा विषय मागे पडला. त्याआधी २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. दाभोलकरांचा खून झाला होता, तोही सकाळच्या फेरीतच. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बेंगळुरूत गौरी लंकेश यांनाही त्यांच्या दारातच गोळ्या घातल्या गेल्या.

खुनाच्या पद्धतीतले साम्य डोळ्यांना दिसते, पण न्यायालयात ते पुरत नाही. तिथे बोलते ती गोळी आणि तिची पुंगळी. ७.६५ मिलिमीटरच्या गावठी पिस्तुलांच्या या गोळ्या एकाच पिस्तुलातून सुटल्या का, यावर बेंगळुरूच्या आणि मुंबईच्या प्रयोगशाळांची मते जुळली नाहीत. तेव्हा सीबीआयने मुंबई उच्च न्यायालयाला सांगितले, की लंडनच्या पोलिसांचे, म्हणजे स्कॉटलंड यार्डचे मत घेऊ. आमच्या ग्रुपवर लगेच एकाने मला लिहिले, ‘आता तुमच्या गावात निकाल लागणार बघ.’ काही महिने त्यात गेले आणि मग दोन देशांत तशी कायदेशीर व्यवस्थाच नसल्याचे कारण पुढे आले. ही गोष्ट आधी चौकशी करून कळली नसती का, हे मला आजही उमगलेले नाही.

आणि इथले पोलीस फार सरळ, असे कोणी समजू नये. माझ्या नेहमीच्या बसच्या वाटेवर एल्थममधल्या वेल हॉल रोडवर फुटपाथमध्ये बसवलेली एक फरशी आहे. २२ एप्रिल १९९३ रोजी बसची वाट पाहणाऱ्या स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाला त्या रस्त्यावर भोसकून मारले गेले. संशयितांची नावे एक-दोन दिवसांतच पोलिसांपर्यंत पोहोचली होती, तरी दोघांना शिक्षा व्हायला जानेवारी २०१२ उजाडले. मधल्या काळात गुप्त पोलिसांनी मारेकऱ्यांऐवजी लॉरेन्स कुटुंबाच्या मोहिमेवर नजर ठेवल्याचेही उघड झाले. अखेर खटला उभा राहिला तो एका जाकिटाच्या कॉलरवरच्या, मिलिमीटरहूनही लहान रक्ताच्या डागावर आणि काही धाग्यांवर. हा मुद्देमाल कोणत्या पिशवीत, कोणाच्या ताब्यात आणि किती काळ होता, याची न्यायालयात कसून उलटतपासणी झाली.

पण त्याआधी, १९९९ मध्ये, निवृत्त न्यायाधीश मॅकफर्सन यांच्या चौकशीने तपास का फसला हे नावानिशी लिहून ठेवले होते. मुख्य फरक मला इथे दिसतो. आपल्याकडे दाभोलकर प्रकरण सीबीआयकडे, कलबुर्गी आणि लंकेश प्रकरणे कर्नाटकच्या विशेष तपास पथकांकडे (एसआयटी), आणि पानसरे प्रकरण आधी राज्याच्या एसआयटीकडे, मग २०२२ पासून दहशतवादविरोधी पथकाकडे (एटीएस), अशी वाटणी झाली; यांतला प्रत्येक जण आपापल्या दोषारोपपत्रापुरता उत्तरदायी. मे २०२४ मध्ये दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, सूत्रधार म्हणून उभा केलेल्या आरोपीसह तिघांना सोडले, आणि खरे सूत्रधार यंत्रणांना सापडले नाहीत असे स्पष्ट नोंदवले. कोल्हापूरच्या पानसरे खटल्यात आरोपनिश्चिती २०२३ मध्ये झाली. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तपासावरची देखरेख थांबवली आणि त्याच महिन्यात सहा आरोपींना जामीन मिळाला. जामिनाचे आदेश येताच ग्रुपवर एकीकडे फटाक्यांचे इमोजी आले, दुसरीकडे शिव्या. इतकी वर्षे निकालाविना तुरुंगात ठेवलेल्या माणसाला जामीन मिळणे यात मला वावगे वाटत नाही. वावगी आहे ती ही इतकी वर्षे.

म्हणून चारही खुनांचा एक खटला करा, ही मागणी मला पटत नाही, कारण प्रत्येक आरोपीविरुद्धचा पुरावा वेगळाच तपासायला हवा. मात्र चारही तपासांची एकत्र चौकशी एखाद्या निवृत्त न्यायमूर्तींकडून व्हायला हरकत काय? अण्णांच्या शरीरातून आणि रस्त्यावरून मिळालेल्या गोळ्या-पुंगळ्या कोणत्या तारखेला कोणत्या प्रयोगशाळेत गेल्या, कोणाच्या सहीने परतल्या, दोन अहवाल वेगळे का आले, आणि परदेशी मत घेण्याची कल्पना कोणी, कशाच्या भरवशावर न्यायालयापुढे मांडली, एवढे तरी त्यात यावे. गेल्या खेपेला कोल्हापुरात अण्णांच्या स्मरणार्थ निघणाऱ्या २० तारखेच्या निर्भय मॉर्निंग वॉकला गेलो, तेव्हा शेजारून चालणाऱ्या निवृत्त मास्तरांना हे सांगितले. ते म्हणाले, “एवढं जरी कागदावर आलं, तरी आम्ही वाचायला बसू बघा.”