‘सायको २’वरचे आक्षेप आणि प्रत्यक्ष चित्रपट

१९८३ साली आलेल्या ‘सायको २’बद्दल एक मत वर्षानुवर्षे फिरत आले आहे, आणि दिग्दर्शक हिचकॉकच्या १९६० मधल्या मूळ ‘सायको’चा विषय निघाला की ते हमखास पुढे केले जाते. ते थोडक्यात असे: १९८० साली हिचकॉक गेल्यावर युनिव्हर्सल स्टुडिओने केवळ पैशासाठी हा चित्रपट काढला, तो त्या काळी जोरात असलेल्या स्लॅशर चित्रपटांची, म्हणजे एकामागून एक रक्तरंजित खून दाखवणाऱ्या भयपटांची, नक्कल आहे, तो एका खुनी माणसाविषयी सहानुभूती मागतो, त्याचा शेवट मूळ कथेचा पायाच उखडतो, आणि म्हणूनच प्रेक्षकांनी व समीक्षकांनी तो नाकारला. या चित्रपटावर माझे मनापासून प्रेम आहे, म्हणून हे आक्षेप एकेक करून तपासावेसे वाटतात. शेवटासकट सगळे कथानक पुढे येणार आहे, हे चित्रपट न पाहिलेल्यांनी ध्यानात घ्यावे.

स्टुडिओला पैसा हवा होता, हे खरेच आहे. ज्याच्या कादंबरीवरून मूळ चित्रपट झाला त्या रॉबर्ट ब्लॉकने १९८२ मध्ये स्वतः पुढची कादंबरी लिहिली होती. हॉलिवूडच्या हिंसक चित्रपटांवर टीका करणारी ती कथा युनिव्हर्सलने घेतली नाही आणि टॉम हॉलंडकडून स्वतंत्र पटकथा लिहून घेतली. पण पैशाचा हिशेब हा दोष मानायचा, तर तो मूळ ‘सायको’लाही लावावा लागेल. हिचकॉकने त्या कादंबरीचे हक्क आपले नाव पुढे न करता अवघ्या ९,००० डॉलरना मिळवले, आपल्या दूरचित्रवाणी मालिकेचे तंत्रज्ञ घेऊन सुमारे ८ लाख डॉलरमध्ये चित्रपट पुरा केला आणि नेहमीचे मानधन सोडून नफ्यातला मोठा वाटा पदरात पाडून घेतला. त्यामुळे त्या चित्रपटाची कलात्मक किंमत कमी झाली, असे कोणी म्हणत नाही. शिवाय ‘सायको २’ कोणाच्या हाती सोपवला गेला, तेही पाहावे. निर्माता हिल्टन ग्रीन मूळ चित्रपटाचा साहाय्यक दिग्दर्शक होता. पडद्यावरची चित्रित पार्श्वभूमी रंगवणारा अल्बर्ट व्हिटलॉक हिचकॉकचा जुना सहकारी होता. ऑस्ट्रेलियन दिग्दर्शक रिचर्ड फ्रँकलिन विद्यार्थिदशेपासून हिचकॉकचा अभ्यासक होता. आणि आईला विष देऊन मारल्यावर तिच्याच वेशात खून करणाऱ्या नॉर्मन बेट्सची भूमिका मूळ चित्रपटात केलेला अँथनी पर्किन्स आधी राजी नव्हता. हॉलंडची पटकथा वाचल्यावर तो तयार झाला.

नकलेचा आक्षेप मला उलटा वाटतो. १९७८ च्या ‘हॅलोविन’ या स्लॅशर चित्रपटात डॉक्टरचे नाव लूमिस आहे, ते ‘सायको’तल्या सॅम लूमिसवरून आलेले, त्यातली नायिका जेमी ली कर्टिस ही जॅनेट ली हिची, म्हणजे न्हाणीघरात मारल्या गेलेल्या मॅरियनची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीची, मुलगी. म्हणजे ज्यांची नक्कल केल्याचा आरोप होतो, ते चित्रपटच या घराण्यातले आहेत. ‘सायको २’मध्ये नॉर्मनच्या तळघरात चोरून शिरलेल्या तरुण जोडप्यापैकी मुलाचा खून होतो तो प्रसंग मात्र त्या काळच्या बाजारासाठी घातलेला आहे, आणि मॅरियनची बहीण लायला हिच्या मृत्यूत दिसणारे रक्तही गरजेपेक्षा जास्त आहे, हे मी मान्य करतो. पण स्लॅशर चित्रपटात मारेकऱ्याला मन नसते, आणि मरणाऱ्यांविषयी आपल्याला फारसे काही वाटावे अशी अपेक्षाही नसते. इथे दोन तास आपला जीव टांगणीला लागतो तो मारेकरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसासाठी. ‘हॅलोविन’चे छायाचित्रण करणाऱ्या डीन कंडीनेच याही चित्रपटाचे छायाचित्रण केले आहे, आणि तरी कॅमेरा इथे वार करणाऱ्या हातापेक्षा पर्किन्सच्या चेहऱ्यावरच अधिक रेंगाळतो.

यातूनच सहानुभूतीचा आक्षेप निघतो, आणि या चित्रपटाचे खरे मोल त्याच्या उत्तरात आहे. २२ वर्षांनी नॉर्मन बेट्स बरा झाला आहे, असे न्यायालय ठरवते. त्याला विरोध करायला लायला सह्यांचे निवेदन घेऊन हजर असते, आणि ती भूमिका पुन्हा व्हेरा माइल्सनेच केली आहे. लायलाची तक्रार खोटी नाही. तिच्या बहिणीचा खून झाला, आणि खुनी आता त्याच घरात परत राहायला चालला आहे. चित्रपट तिला वेडगळ ठरवत नाही किंवा तिचे दुःख हलके करत नाही. मात्र त्या दुःखातून ती जे करते, ते चित्रपट उघडपणे दाखवतो: आपली मुलगी मेरी हिला ती नॉर्मनच्या आसपास पेरते, आईच्या नावाने चिठ्ठ्या आणि दूरध्वनी सुरू करते, आणि बऱ्या झालेल्या माणसाला पुन्हा वेडाकडे ढकलू पाहते. म्हणजे इथे दोघांचेही दुःख खरे आहे आणि दोघांनाही एकाच वेळी न्याय मिळू शकत नाही. अशा पेचात टाकणारे भयपट फार थोडे आहेत.

सहानुभूती म्हणजे दोषमुक्ती, असे हा आक्षेप घेणारे गृहीत धरतात. त्यांनी पहिल्या रात्रीचा स्वयंपाकघरातला प्रसंग पुन्हा पाहावा. नॉर्मन मेरीला चीज सँडविच देतो, ते कापायला सुरी लागणार हे लक्षात येते आणि त्याची जीभ अडखळते. पर्किन्स तिथे आवाज चढवत नाही की डोळे वटारत नाही. फक्त शब्द घशात अडकतो आणि तो नजर चुकवतो. त्या क्षणी आपल्याला त्याची दयाही येते आणि भीतीही वाटते, आणि दोन्ही एकाच कारणाने. पुढे सगळे हाताबाहेर गेल्यावर तो मेरीला बिलगून म्हणतो की तिच्या अंगाला त्या सँडविचचा वास येतो, लहानपणी तापात पडलेला असताना आई आणून द्यायची तसल्या. ज्या आईला त्याने मारले, तिची एकमेव गोड आठवण एका सँडविचमध्ये उरली आहे. त्याने खून केले नाहीत असे त्या वाक्यात कुठेही नाही. ज्याने खून केले, तोही कधीतरी आजारी पोर होता, एवढेच त्यात आहे.

शेवटाबद्दलचा आक्षेप असा की उपाहारगृहात काम करणारी वयस्क मिसेस स्पूल ‘मीच तुझी खरी आई, हे खूनही मीच केले’ असे सांगते, त्यामुळे मूळ कथेतल्या आईला अर्थ उरत नाही. ही बाई सुरुवातीला जेमतेम दोनचार प्रसंगांत दिसते, त्यामुळे तिचा उलगडा तुटक वाटतो. ही पटकथेतली उणीवच आहे. पण मूळ कथा त्याने ढासळत नाही. नॉर्मनला जिने वाढवले आणि जिला त्याने विष दिले, ती बाई तीच राहते. स्पूलच्या दाव्याला तिच्या शब्दापलीकडे पुरावा दिलेला नाही, आणि १९८६ च्या तिसऱ्या भागाने तर तो खोटाच ठरवला. खरे महत्त्व त्यानंतरच्या कृतीला आहे. नॉर्मन तिला बसवतो, खाऊपिऊ घालतो आणि मागून डोक्यात फावडे हाणतो. मधल्या काळातला एकही खून त्याने केलेला नव्हता. मेरी गेलेली आहे, त्याच्यावर उपचार करणारा डॉक्टर रेमंड गेलेला आहे, आणि त्याला माणसांत धरून ठेवणारे कोणीही उरलेले नाही. जे त्याच्या नावावर खपवले जात होते, ते आता तो खरोखर करतो. इतका कठोर निष्कर्ष काढणारा चित्रपट सहानुभूतीपोटी वाहवत गेला, असे म्हणता येणार नाही.

राहिला नाकारल्याचा मुद्दा. जून १९८३ मध्ये ‘रिटर्न ऑफ द जेडाय’ने चित्रपटगृहे व्यापलेली असताना सुमारे ५० लाख डॉलर खर्चाच्या या चित्रपटाने अमेरिकेत ३ कोटी ४० लाखांच्या वर कमाई केली. त्याला प्रेक्षकांचा नकार म्हणता येत नाही. समीक्षकांत मात्र मतभेद होते. रॉजर ईबर्टने चारपैकी अडीच तारे दिले, आणि बहुतेकांची तक्रार हिचकॉकशी तुलना करूनच होती. पण १९६० साली खुद्द ‘सायको’चेही एकमुखाने स्वागत झाले नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बॉस्ली क्राउदरने आधी तो थंडपणे घेतला आणि वर्षअखेरीस त्याच चित्रपटाला वर्षातल्या सर्वोत्तम दहांत स्थान दिले. ‘सायको २’ आपटला अशी जी आठवण सांगितली जाते, ती माझ्या मते पर्किन्सने स्वतः दिग्दर्शित केलेल्या तिसऱ्या भागाची असावी, कारण त्याची कमाई दुसऱ्याच्या निम्मीसुद्धा नव्हती, आणि लोकांनी पुढे दोन्ही भाग एकाच खात्यावर टाकले.