कोझी तुम्हाला, कोळसा मला

हिवाळ्यात डब्लिनहून मित्रमंडळी आली की सगळ्यात आधी आमच्या शेकोटीसमोर सेल्फी काढतात. काय कोझी आहे रे तुमच्याकडे! अरे हो बाबा, कोझी तुम्हाला, कोळसा मला.

आम्ही मेयो काउंटीत राहतो, आयर्लंडचं पश्चिम टोक. गावात गॅसची लाइन नाही, आणि आमच्या घरात शेकोटीच्या मागे बॅक बॉयलर नावाची लोखंडी टाकी बसवलीय, विस्तवावर तिच्यातलं पाणी तापतं, तेच रेडिएटरमधून घरभर फिरतं. म्हणजे शेकोटी ही शोभेची वस्तू नाही, ती पेटली नाही तर आख्खं घर गारठलेलं.

सकाळचं पहिलं काम राख. खालचा ट्रे अलगद ओढायचा, श्वास रोखून मागच्या दारापर्यंत न्यायचा आणि दार उघडलं रे उघडलं की अटलांटिकवरून येणारा वारा ती सगळी राख परत तुमच्याच तोंडावर मारतो. बरं, ती थेट कचऱ्याच्या डब्यात टाकायची सोय नाही, वरून गार दिसली तरी आत निखारे जिवंत असतात आणि डबा प्लास्टिकचा. म्हणून झाकणाची पत्र्याची बादली वेगळी ठेवायची.

मग पेटवणं. धुराचा कोळसा डब्लिनमध्ये 1990 पासूनच बंद होता, 31 ऑक्टोबर 2022 पासून देशभर त्याची विक्री बंद झाली. हवेसाठी चांगलंच झालं, तक्रार नाही. पण आता मिळतात ते बिनधुराचे, डिंकाच्या लाडवाएवढे काळे गोळे, दिसायला गोजिरवाणे आणि पेटायला महामाठ! खाली कागद, चिपाट्या, रॉकेलच्या वासाच्या पांढऱ्या वड्या असा सगळा थाट मांडायचा आणि वाट बघत बसायचं. त्या वड्यांचा वास हाताला इतका चिकटतो की साबणाने दोनदा धुऊनही पोळी रॉकेलची लागते.

आई व्हिडिओ कॉलवर म्हणते, अरे आपला बंब कसा भडाभडा पेटायचा, करवंट्या टाक की दोन. आई गं, इथे अख्खा नारळच सोन्याच्या भावात मिळतो, करवंट्या कुठून आणू?

बायको पांघरुणातून म्हणते, जरा अजून टाक ना, गार वाटतंय. टाकला की नवा कोळसा आधी जुना विस्तव दाबून टाकतो, खोली अजून गार होते, आणि ती म्हणते बघ, तुला जमतच नाही. कोळसा उगाळावा तितका काळा म्हणतात, आमच्याकडे न उगाळताच उशीचे अभ्रे, लाइटची बटणं, ऑफिसचा शर्ट सगळं काळं.

घरमालकाला विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाचं विचारलं. म्हणाला, सरकारी ग्रँट मिळते खरी, बघू या. त्याच्या स्वतःच्या घरी ऑइलचं हीटिंग आहे, बटण दाबलं की काम झालं, त्यामुळे त्याचं बघू या अगदी निवांत असतं.