उजवी बाजू

आमच्याकडे १९८६ सालची एक बुलेट आहे आणि आमचे घर रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आहे. या दोहोंपैकी एकच गोष्ट माणसाने पदरी बाळगावी, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

दर जूनमध्ये गाडीवर प्लास्टिकचा कागद पांघरायचा आणि तो सुतळीने आवळायचा, हा वडिलांच्या वेळेपासूनचा रिवाज. यंदा गणपतीच्या आधी पंधरा दिवस मी सुतळी सोडली, तेव्हा आतून जी गाडी निघाली ती समाधीतून उठलेल्या गोसाव्यासारखी अंगभर भस्म फासून उभी होती. प्लास्टिकने पाऊस बाहेर ठेवला होता हे खरे. पण खारी, दमट हवाही त्याने तितक्याच निष्ठेने आत कोंडून ठेवली होती. मी गाडी झाकली नव्हती, लोणच्यासारखी मुरत घातली होती.

लोखंड गंजले की निदान तांबडे होऊन गुन्हा कबूल करते. अ‍ॅल्युमिनियमची तऱ्हा निराळी. हवा लागताक्षणी त्याच्या अंगावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा धरतो आणि तोच खालच्या धातूला सांभाळतो. समुद्राच्या हवेतले मीठ या पापुद्र्याला जागोजाग भोके पाडते, ओल आत शिरते आणि पांढरी भुकटी बाहेर फुलते. ती नखाने खरवडली, तर खाली सुईच्या अग्राएवढे काळे खड्डे दिसतात. इंजिनाच्या उजव्या अंगाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या झाकणावर, म्हणजे टायमिंग कव्हरवर, ते इतके होते की देवीच्या साथीतून उठलेल्या माणसाचीच आठवण व्हावी.

मेकॅनिकने गाडीकडे न पाहताच सांगितले, "साहेब, कव्हरं खोला आणि बफिंगला टाका." पण जुन्या बुलेटचे कव्हर एकदा खोलले की ते पुन्हा तेल न गळता बसेल, याची हमी देणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. शिवाय बफाच्या, म्हणजे झिलई देणाऱ्या फिरत्या चाकावर, कारागिराचा हात जरा जड पडला, तर भुकटीबरोबर कव्हरच्या कडाही गोल होतात. सबब गाडीवरच, हाताने घासायचे ठरले.

तेलकटपणा आधी जावा म्हणून मी धुण्याच्या सोड्याचे कढत पाणी करून कव्हरवर चोळले. पाच मिनिटांत जे पांढरे होते ते राखाडी झाले आणि जे चकचकीत उरले होते तेही काळवंडले. आई पडवीतून पाहत होती. "कुकर आतून काळा पडू नये म्हणून मी चाळीस वर्षं त्यात लिंबाची फोड टाकतेय," ती म्हणाली, "आणि तू त्याच्याच भावाला सोडा पाजलास?" रसायनशास्त्राचा पदवीधर मी आहे, ती नव्हे, एवढेच येथे नमूद करतो. लिंबाने काळेपणा बराच उतरला. खड्डे मात्र जागचे हलले नाहीत.

मग पाण्याचा पॉलिश पेपर आणला, भरडापासून बारकाकडे: ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबर. यातला नियम असा की प्रत्येक नवा पेपर आधीच्या पेपराला आडवा फिरवायचा आणि आधीचे ओरखडे पूर्ण गेल्याखेरीज पुढच्या नंबराला हात लावायचा नाही. मी शहाणपणा करून ६०० गाळला. त्याची शिक्षा लगेच होत नाही, हीच यातली क्रूर गोम आहे. तीन दिवसांनी मेटल पॉलिश लावून, फडके फिरवून, उतरत्या उन्हात मी कव्हरमध्ये स्वतःचा चेहरा पाहायला वाकलो, तेव्हा माझ्या गालांवर ४०० नंबरच्या सरळ, समांतर रेघा ओढलेल्या होत्या. पुन्हा ६०० पासून श्रीगणेशा. फडके काळेकुट्ट झाले की नवशिक्याला वाटते, किती मळ निघाला! तो मळ नसतो, ती गाडी असते. अजून एक गंमत अशी की सुतारकामाच्या तांबूस काचपेपराचे कण बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचेच असतात, म्हणजे काट्याने काटा काढणे येथे अक्षरशः घडते. आणि माणिक व नीलम हीदेखील तीच वस्तू. माझ्या गाडीवर मात्र ती भुकटीच्याच रूपात अवतरली.

चकाकी टिकवण्याचा प्रश्न तर घासण्याहून बिकट. काही वर्षांपूर्वी मी गिअरबॉक्सच्या कव्हरवर पारदर्शक लॅकर मारले होते. किक मारताना चपलेची टाच लागून त्याचा एक टवका उडाला, तेथून ओल आत शिरली आणि लॅकरखाली पांढऱ्या धाग्यांची नक्षी पसरत गेली. ती डोळ्यांना दिसत होती, पण बोटाला लागत नव्हती. शेवटी पेंट रिमूव्हरने सगळे लॅकर काढावे लागले. आता मी कार्नोबा मेण लावतो. ते साधारण ८२ अंश सेल्सियसला वितळते, त्यामुळे पावस गावापर्यंतची एक लांब फेरी झाली की इंजिनाजवळचे मेण कितपत उरले असेल, याचा विचार मी करीत नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुणे, कोरडे पुसणे आणि आठवड्याला पुन्हा मेण, असे हे व्रत आहे. प्लास्टिकच्या जागी सुती चादर आली आहे. ती कोणाच्या अंथरुणावरून आली, याचा घरात तपास सुरू आहे.

चतुर्थीपर्यंत टायमिंग कव्हर आणि गिअरबॉक्सचे कव्हर, म्हणजे गाडीची उजवी बाजू, आरशासारखी झाली. डावीकडचे भलेमोठे क्लच कव्हर अजून भस्मातच आहे, म्हणून गाडी सध्या डावी बाजू भिंतीला लावून उभी असते. आरतीला आलेले शेजारचे काका तिच्यासमोर थबकले, चष्मा सारखा केला आणि कौतुकाने म्हणाले, "वा! गाडी धुतलीस वाटतं?"

अकरा दिवसांच्या कष्टांना मी "हो" म्हणालो आणि काका भिंतीच्या बाजूला डोकावण्याआधी त्यांना हाताला धरून मोदकांकडे घेऊन गेलो.