यादी वाढवा, पक्षी उडवा

परवाच्या रविवारी तळ्यावर मला पक्षीनिरीक्षणाचं परमज्ञान प्राप्त झालं. ते एकट्याने भोगणं बरं नाही, म्हणून या छंदात नव्याने पडलेल्या तुम्हा मंडळींसाठी इथे मांडतो. गेली बावीस वर्षं मी हा छंद साफ चुकीच्या पद्धतीने करत आलो, हे आधीच कबूल करून टाकतो.

सगळ्यात आधी ‘लायफर’ म्हणजे काय ते पक्कं करा. आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली जात म्हणजे लायफर, अशी आमची भाबडी समजूत होती. ज्याचा फोटो ग्रुपवर पडला आणि ज्याखाली निदान वीस अंगठे आले, तो लायफर. जगात पक्ष्यांच्या साधारण ११,००० जाती आहेत. एकेक निरखत बसलात तर कधी उरकणार?

उजाडायच्या आधी येऊन गवतात मुकाट बसणारी काही माणसं तळ्यावर असतात, त्यांची कीव करा. तुम्ही मात्र ऊन वर आल्यावर या आणि गाडी थेट काठाला लावा. चारही दारं आपटा. मग राहिलेली लेन्स काढायला डिकी उघडा, आणि तीही आपटा.

कपडे पांढरेशुभ्र किंवा भगभगीत पिवळे. कोण आलंय ते पक्ष्यांनाही कळायला हवं.

दुर्बीण गळ्यात असू द्या. डोळ्यांना लावायची गरज नाही.

आता यादीकडे वळू. तळ्यावर वारकरी नावाचे दीडशे काळे पाणपक्षी असतील, चाळीसेक शेकाटे असतील, टिबुकल्या तर बुडतायत आणि वर येतायत, त्यांचा हिशेब कोण ठेवणार? सरळ आकड्याच्या जागी ‘एक्स’ टाका, नाहीतर गाळूनच टाका. शेवटी ई-बर्ड, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी जमा करणारं संकेतस्थळ, विचारतं, ओळखता आलेले सगळे पक्षी नोंदवलेत ना? तिथे बेधडक ‘हो’ म्हणा. पूर्ण यादी असली तरच एखादा पक्षी त्या दिवशी तिथे नव्हता हेही कळतं, आणि दहा वर्षांनी वारकरी कमी झाले का ते कुणाला तरी तपासता येतं, असलं काहीतरी रटाळ आम्हाला शिकवलं होतं. वारकऱ्याला कोण अंगठा देतो?

पक्षी दिसायलाच हवा, हा हट्टही सोडा. फोन वर धरा, आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपवर नाव उमटलं की टिक करा. कोतवाल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करण्यात पटाईत असतो, त्यामुळे झाडावर कोतवाल आणि यादीत शिक्रा असं होऊ शकतं. होऊ दे. एका दगडात दोन पक्षी. (दगडाचा विषय पुढे येणारच आहे.)

आळस असेल तर घरी बसूनही यादी वाढते. शास्त्रज्ञ तुम्ही आधीच पाहिलेल्या एका जातीच्या दोन जाती ठरवेपर्यंत थांबायचं, बस.

लाजरे पक्षी मात्र छळतात. फटाकडीच घ्या. नाव असं आणि स्वभाव असा की आख्खा हिवाळा पाणकणसात लपून काढेल. मी मूर्खासारखा लागोपाठ तीन सकाळी एकाच जागी बसलो. तिसऱ्या दिवशी ती कडेला आली. आखूड शेपटी दर पावलाला वर झटकायची, एक पाय उचलून थबकायची, चिखलात चोच खुपसायची आणि पुन्हा थबकायची. मिनिटभरच दिसली असेल. तेवढ्यात शेजारी येऊन उभ्या राहिलेल्या गृहस्थांनी खिशातून स्पीकर काढला आणि तिचाच आवाज तिला मोठ्याने ऐकवला. यालाच शॉर्टकट म्हणतात! आपल्या हद्दीत दुसरा नर घुसलाय असं पक्ष्याला वाटतं, तो चरणं सोडून भांडायला येतो आणि तुम्ही क्लिक करता. लागोपाठ वीस वेळा वाजवा. तो दमेल, पण बॅटरी दमायची नाही.

विणीच्या दिवसांत कमळपक्ष्याचं तरंगतं घरटं दिसलं तर अगदी जवळ जा, आड येणारी पानं खुडून टाका. अंड्यांवर बाप बसलेला असतो, आई केव्हाच पुढच्या संसाराला निघून गेलेली असते. बिचारा एकटाच आहे, त्याला जरा तुमची सोबत होईल.

आणि आता तो दगड. हे या रविवारचं ज्ञान, म्हणून जरा सविस्तर.

तळ्याच्या मध्यावर चिखलाची एक जीभ आहे, तिच्यावर हंसाच्या कुळातले पट्टकादंब बसले होते. दोनदा मोजले, एक्केचाळीस भरले. बहुतेक एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत, दोघे-तिघे मान ताठ करून पहाऱ्यावर. मी मोठा मूर्ख, चाळीस मिनिटं नुसता बघत बसलो होतो. मग ते चौघे आले. चौघांकडे हातभर लांब लेन्स. दोन-तीन फोटो झाले आणि एकजण म्हणाला, “झोपलेत रे सगळे. फ्लाइट शॉट पाहिजे.” लगेच दगड गेला. तो पाण्यात पडला. दुसरा चिखलावर. आख्खा थवा ओरडत उठला, त्याच्याबरोबर शेकाटे उठले, थापट्या उठले, दोन चक्रवाक उठले आणि कॅमेऱ्यांच्या बर्स्ट मोडचा कडकडाट सुरू झाला. थव्याने तळ्याला तीन फेऱ्या मारल्या. खाली चौघे उभे दिसत होतेच, मग कशाला उतरतील? गेले निघून.

आणि त्यानंतर, त्यानंतर बरं का, त्यातला एक माझ्याकडे येऊन विचारतो, “काका, हे मघाशी उडाले ते कोण हो? आमचा लायफर आहे का बघायचंय.”

अरे, लाज वाटत नाही का रे?

काय उडवलंत ते तरी ठाऊक आहे का? मंगोलिया, तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात ते. पाठीवर यंत्रं लावून मोजलंय, सात हजार मीटरच्या वर उडताना सापडलेत. रात्री शेतात, गवतात चरतात आणि दिवसा पाण्याकाठी विसावतात. म्हणजे रात्रपाळी करून झोपलेल्याच्या दारावर तुम्ही दगड मारलात, तो दचकून कसा उठतो त्याचा फोटो काढायला! परतीच्या वाटेसाठी त्यांना अंगावर चरबी धरायची असते, ती तुमच्या स्क्रीनसेव्हरसाठी जाळायची का?

आणि यादीचं म्हणाल तर असला पक्षी यादीत धरतच नाहीत. अमेरिकन बर्डिंग असोसिएशनचे नियम वाचा. पक्षी जिवंत, रानातला आणि मोकळा हवा, ओळखीच्या खुणा तुम्ही स्वतः पाहिलेल्या-ऐकलेल्या हव्यात, आणि आचारसंहिता पाळूनच तो तुम्हाला भेटलेला हवा. यादी करण्यात वाईट काहीच नाही, माझीही आहे. अमेरिकन पक्षीनिरीक्षक फीबी स्नेट्सिंगर यांना १९८१ मध्ये कॅन्सरमुळे वर्षभराचीही खात्री दिली नव्हती. १९९९ मध्ये मादागास्करला अपघातात गेल्या, तोवर ८,००० च्या वर जाती पाहून झाल्या होत्या. पण ती बाई निघायच्या आधी प्रत्येक पक्ष्याचा अभ्यास करायची, पाहिल्यावर कार्डांवर टिपणं ठेवायची. दगड मारून “काका, कोण हो?” म्हणत नव्हती.

त्या पोराला मी नाव सांगितलं नाही. म्हटलं, चाळीस पक्षी होते समोर, डोक्यावर काळे पट्टे किती होते तेवढं सांग, मग सांगतो. चौघेही आपापल्या कॅमेऱ्यात तोंड खुपसून फोटो मोठे करकरून बघायला लागले. बराच वेळ बघत होते. सगळ्या फोटोंत शेपट्याच होत्या.